'रन' या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी नव्याने शिकणारे, भाषांतराची कामं करणारे आणि मुलांचा अभ्यास घेताना अडणारे पालक यांच्याकडून 'रन'बद्दल जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'रन' म्हणजे धावणे. एवढं पाठ असलं की पुरे ना?

पहिलीच्या पुस्तकापुरतं पुरे. त्यापुढे 'शी रन्स अ क्लिनिक', 'द बस रन्स एव्हरी टेन मिनिट्स', 'माय नोज इज रनिंग', 'द ड्रामा रॅन फॉर टू इयर्स' अशी वाक्यं येऊ लागतात आणि त्यात कुणाचेच पाय हलत नसतात.

अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा एक धागा धरा: एकदा सुरू झालेली गोष्ट न अडता पुढे जात राहणं. मग ते पाणी असो, यंत्र, धंदा, करार किंवा नाटक. मराठीत हे काम 'धावणे' फारसं करत नाही, 'चालणे' करतं. दुकान चालतं, पंखा चालतो, नाटक चालतं, डोकं चालतं. म्हणून वाचताना अडलात तर आधी 'चालणे' किंवा 'चालवणे' लावून बघा. नाही बसलं तर 'वाहणे', मग 'संपणे'. 'धावणे' सगळ्यात शेवटी. आणि 'रन'च्या मागोमाग कोणता छोटा शब्द आलाय ते बघायला विसरू नका, कारण खरी गंमत तिथेच असते (प्रश्न ९).

२. 'रन'चे ६४५ अर्थ आहेत असं वाचलं. खरं आहे का?

हो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात 'रन'ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. हे काम कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांच्याकडे होतं आणि त्यात त्यांचे नऊ महिने गेले. २०११ साली ही बातमी बरीच गाजली, कारण तोवर सगळ्यात जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ होते.

आकडा ऐकून दडपून जाऊ नका. त्यातले पुष्कळ अर्थ जुन्या जहाजांचे, शिकारीचे, कारागिरांचे आहेत. जन्माने इंग्रज असलेल्या माणसालाही ते सगळे ठाऊक नसतात.

३. भूतकाळात 'रॅन' कधी आणि 'रन' कधी?

नुसता भूतकाळ असेल तर 'रॅन': 'आय रॅन यस्टरडे'. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' आलं की परत 'रन': 'आय हॅव रन'. 'आय हॅव रॅन' हे चूक. 'रनिंग' आणि 'रनर' लिहिताना मधला 'एन' दोनदा येतो.

४. माझी बहीण खानावळ चालवते. 'शी रन्स अ मेस' की 'शी ओन्स अ मेस'?

ती रोजचा कारभार बघत असेल तर 'रन्स'. जागा आणि धंदा तिच्या मालकीचा असेल तर 'ओन्स'. दोन्ही असेल तर 'ओन्स अँड रन्स'. जागा दुसऱ्याची आणि कष्ट हिचे, असं असताना 'ओन्स' म्हटलंत तर सरळ चूक होईल.

इथेच आणखी एक पाय घसरतो. मराठीत 'घर चालवणे' म्हणजे बहुतेक वेळा घरखर्च भागवणं. 'दादाच्या पगारावर घर चालतं.' पण इंग्रजीत 'ही रन्स द हाउस' म्हटलं, की घरात त्याचा शब्द चालतो किंवा घरातलं सगळं तो बघतो, असा अर्थ होतो. पैशांबद्दल बोलायचं असेल तर 'ही सपोर्ट्स द फॅमिली' म्हणा. मुलाखतीत 'आय रन माय हाउस' असं सांगणाऱ्या उमेदवाराला बहुधा वेगळंच काही सांगायचं असतं.

५. क्रिकेटमधलं 'रन आउट' आणि गॅस संपल्यावरचं 'रन आउट' एकच का?

नाही. संपण्याचं 'रन आउट' दोन तऱ्हांनी येतं. कर्ता माणूस असेल तर 'ऑफ' लागतो: 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. कर्ता वस्तूच असेल तर 'ऑफ' गळतो: 'द मिल्क हॅज रन आउट'. 'मिल्क हॅज रन आउट ऑफ' असं अर्धवट वाक्य फार ऐकू येतं, ते टाळा. पूर्ण संपलं नसेल, पण संपत आलं असेल, तर 'रनिंग लो' किंवा 'रनिंग शॉर्ट'. विहीर आटली तर 'रन ड्राय'.

क्रिकेटमध्ये मात्र फलंदाजाला कुणीतरी 'रन आउट' करतं, म्हणून 'ही वॉज रन आउट'. 'ही रॅन आउट' म्हटलंत तर तो मैदानाबाहेर पळाला असं होईल. या विकेटचं श्रेय गोलंदाजाच्या खात्यात जात नाही, हेही लक्षात असू द्या.

६. चौकार मारला की कुणी धावत नाही, तरी त्याला चार 'रन' का म्हणतात?

कारण 'रन' हे मोजण्याचं एकक होऊन बसलं आहे. सुरुवातीच्या काळात धावफलक ठेवणारा माणूस काठीवर सुरीने खाचा पाडायचा, आणि धावांनाही 'नॉच' म्हणजे खाच असंच म्हणत. पुढे खाच गेली, 'रन' राहिला. मराठीत आपण 'धाव' केलं, तरी गल्लीत अजून 'दोन रन काढ'च चालतं.

धावताना मधल्या टोकाला बॅट क्रीजपलीकडे टेकली नाही तर ती 'शॉर्ट रन', म्हणजे न धरलेली धाव. अर्थशास्त्रातल्या 'शॉर्ट रन'शी हिचा काही संबंध नाही (प्रश्न १२).

नॉन-स्ट्रायकरला चेंडू टाकण्याआधीच बाद करण्याबद्दलही बरेच विचारतात. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउन यांना असं बाद केलं आणि त्या प्रकाराला जगभर मांकडांचंच नाव चिकटलं. नियमांच्या पुस्तकात ही तरतूद पूर्वी 'अनफेअर प्ले'च्या कलमात होती. ऑक्टोबर २०२२ पासून ती 'रन आउट'च्या कलमात आहे. म्हणजे आता तो साधा रन आउट. चूक क्रीज आधीच सोडणाऱ्याची असते, असं माझं तरी मत आहे.

७. 'गाडीचं रनिंग किती?', 'रनिंग फूट', 'रनिंग मारतो'. हे सगळं बरोबर इंग्रजी आहे का?

ही मराठी आहे, आणि मराठीत ती अगदी बरोबर आहे. इंग्रजी बोलताना काय म्हणायचं तेवढं बघू.

जुनी गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'रनिंग किती झालंय?'. इंग्रजीत 'हाउ मेनी किलोमीटर्स हॅज इट डन?'. परदेशात याला 'माइलेज' म्हणतात, पण आपल्याकडे माइलेज म्हणजे लिटरला किती जाते ते. अमेरिकेतल्या भाच्याशी गाडीबद्दल बोलताना यावरून हमखास गोंधळ होतो.

'रनिंग फूट' हे मात्र खरं इंग्रजी मोजमाप आहे आणि घराचं काम काढणाऱ्याने ते नीट समजून घ्यावं. यात फक्त लांबी मोजतात. स्वयंपाकघरातला ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद असेल, तर तो १० रनिंग फूट आणि २० चौरस फूट. मिस्त्रीने नुसतं 'फुटाला इतके' म्हटलं तर कोणता फूट ते तिथल्या तिथे विचारा. स्कर्टिंग, रेलिंग, ग्रॅनाइटची पट्टी यांचा दर बहुधा रनिंगचा असतो, फरशीचा चौरसाचा. ठेकेदाराचं 'रनिंग बिल' म्हणजे काम पुरं होण्याआधी, झालेल्या कामापुरतं लावलेलं बिल. कागदावर त्यालाच 'आरए बिल' लिहितात.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर 'रनिंग मारतात'. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय दोघांनाही १०० मीटर. हे इंग्रजीत सांगायचं तर 'आय गो रनिंग' किंवा 'आय गो फॉर अ रन'. 'आय डू रनिंग' समजेल, पण कानाला खटकेल.

८. 'कलर रॅन' म्हणजे रंग गेला का? आणि 'द रन्स' म्हणजे काय?

'रंग गेला' यात मराठीत दोन गोष्टी येतात. लाल ओढणी धुताना रंग सुटून पांढऱ्या सदऱ्याला लागला तर 'द कलर रॅन'. उन्हाने किंवा धुण्याने रंग फिका पडला तर 'फेडेड'. लाँड्रीवाल्याशी भांडायचं असेल तर हा फरक कामाचा आहे.

पायमोज्याची वीण उसवून वर चढत गेलेली रेघ, तीही अमेरिकेत 'रन'. ब्रिटनमध्ये तिला 'लॅडर' म्हणतात. 'द रन्स' म्हणजे जुलाब. 'आय हॅव द रन्स' हे वाक्य धावसंख्या सांगायला वापरू नका. 'रनिंग अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणं, आणि 'रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच असणं. मधुमेह असो की गाता गळा, दोन्हीला चालतं.

९. 'रन इन्टु', 'रन ओव्हर', 'रन डाउन' यांत सारखा घोळ होतो. कसं लक्षात ठेवायचं?

वाक्यात ठेवूनच. 'आय रॅन इन्टु माय टीचर' म्हणजे सर अचानक भेटले. 'आय रॅन ओव्हर माय टीचर' म्हणजे सरांच्या अंगावर गाडी घातली. एवढं एक जोडवाक्य पाठ केलं तरी मोठी आपत्ती टळेल.

पण 'रन ओव्हर'चे दुसरे दोन अर्थ निरुपद्रवी आहेत. 'द मीटिंग रॅन ओव्हर' म्हणजे बैठक लांबली, आणि 'लेट मी रन ओव्हर द पॉइंट्स' म्हणजे मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवतो. 'रन थ्रू' हेही उजळणीसाठीच. 'रन इट बाय मी' म्हणजे आधी माझ्या कानावर घाल, मग पुढचं. 'रन अराउंड' म्हणजे इकडेतिकडे धावपळ करणं, पण कचेरीत 'दे गेव्ह मी द रनअराउंड' म्हटलं तर या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं, असं.

'रन डाउन' सगळ्यात त्रासदायक. माणूस 'रन-डाउन' म्हणजे थकलेला, अशक्त. इमारत 'रन-डाउन' म्हणजे मोडकळीला आलेली. कुणाला 'रन डाउन' केलं म्हणजे नावं ठेवली, किंवा गाडीने उडवलं. आणि वृत्तवाहिनीच्या कचेरीत 'रनडाउन काढ' म्हणाले तर बातम्यांचा क्रम लावायचा असतो.

१०. निवडणुकीला 'रन फॉर' म्हणायचं की 'स्टँड फॉर'?

अमेरिकेत उमेदवार धावतो, ब्रिटनमध्ये उभा राहतो. आपणही 'उभा राहतो'च म्हणतो, त्यामुळे 'स्टँड फॉर' आपल्याला जवळचं. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रं दोन्ही सोडून 'कॉन्टेस्ट' वापरतात, आणि परीक्षेत तेच लिहिलेलं उत्तम.

'रनिंग मेट' म्हणजे अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला साथीदार. शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. 'ऑल्सो-रॅन'ही तिथलाच. निकालात पहिल्या काही घोड्यांनंतर 'हेही धावले' म्हणून बाकीच्यांची नावं छापत, ते म्हणजे ज्यांची दखल कुणी घेतली नाही असे.

'रन-ऑफ' म्हणजे पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पुढच्या दोघांत होणारी दुसरी फेरी. फ्रान्समध्ये २४ एप्रिल २०२२ ला मॅक्रॉन आणि ल पेन यांच्यात अशीच लढत झाली. आपल्या लोकसभा-विधानसभेला ही भानगड नाही. जास्त मतं पडली तो निवडून आला. शेतीच्या लेखात 'रनऑफ' दिसला तर तो जमिनीत न मुरता वाहून गेलेल्या पावसाच्या पाण्याबद्दल आहे.

११. 'बँक रन' म्हणजे नेमकं काय होतं? बँक बुडाली असं का?

अजून नाही, पण त्याच वाटेवर. बँक बुडणार अशी आवई उठते आणि सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येतात, त्याला 'अ रन ऑन द बँक' म्हणतात. इथे 'ऑन'च लागतो.

ठेवींचा पैसा बँकेने कर्जाने दिलेला असतो, तिजोरीत थोडाच असतो. रोज थोडे लोक काढतात तोवर भागतं. सगळे एकाच दिवशी आले तर चांगली बँकही आडवी होते, आणि आधी पोचणाऱ्याला मिळतं हे माहीत असल्याने शहाणा माणूसही रांगेत उभा राहतो. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर रस्त्यावर रांगा लागल्या. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या सूचना आल्या. त्यासाठी कुणाला बँकेच्या दारात जावं लागलं नाही, सगळा खेळ फोनवर आणि संगणकावर झाला. दुसऱ्या दिवशी बँक बंद. ही घबराट थोपवायलाच ठेवींचा विमा असतो. भारतात फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत तो मिळतो.

१२. 'लाँग रन' म्हणजे किती वर्षं?

बोलण्यात 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, सरतेशेवटी. वर्षांचा हिशेब नाही.

अर्थशास्त्राच्या पेपरातही वर्षांत उत्तर लिहू नका, गुण जातील. धंद्यातली निदान एक गोष्ट बदलता येत नाही तो काळ 'शॉर्ट रन', सगळंच बदलता येतं तो 'लाँग रन'. वडापाववाल्याचा खप वाढला तर तो उद्याच जास्त पाव घेईल, हाताखाली एक पोरगा ठेवील. पण गाळा मोठा करता येत नाही तोवर तो 'शॉर्ट रन'मध्येच आहे. वीज कंपनीचा 'शॉर्ट रन' यामुळेच काही वर्षांचा असू शकतो.

नाटक-सिनेमाचा 'लाँग रन' वेगळा. तिथे बरेच दिवस चालणं एवढाच अर्थ.

१३. 'बुल रन' शेअरबाजारातला की लढाईचा?

दोन्ही आहेत आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. बाजारातला 'बुल रन' म्हणजे भाव सलग चढत राहण्याचा काळ. २१ जुलै १८६१ ची 'बुल रन'ची लढाई ही अमेरिकन यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई. ती व्हर्जिनियात बुल रन नावाच्या ओढ्याकाठी झाली. अमेरिकेच्या त्या भागात लहान ओढ्याला 'रन' म्हणतात, हे ठाऊक नसलं की भाषांतरात बैल धावायला लागतात. दक्षिणेकडच्या लोकांनी याच लढाईला जवळच्या गावावरून 'मॅनॅसस' म्हटलं, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तरी लढाई एकच.

१४. 'रन अमॉक', 'रन द गॉंटलेट', 'रन ऑफ द मिल' हे कुठून आले?

'अमॉक' मलय भाषेतला. भान हरपून दिसेल त्याच्यावर तुटून पडणं. आता साध्या धुडगुसालाही वापरतात.

'रन द गॉंटलेट' ही स्वीडिश सैन्यातली शिक्षा. दोन्ही बाजूंनी रांगेत उभे असलेले शिपाई मारणार आणि गुन्हेगाराने मधून जायचं. स्वीडिश शब्द 'गाटलोप'. १७ व्या शतकात तो इंग्रजीत आला आणि पोलादी हातमोज्याच्या 'गॉंटलेट'शी त्याची सरमिसळ झाली. म्हणून भाषांतरात हातमोजा आणू नका.

'रन ऑफ द मिल' म्हणजे गिरणीतून निघाला तसा, न निवडलेला माल. त्यावरून सर्वसाधारण, चारचौघांसारखा. गिरणगावात वाढलेल्यांना हा वाक्प्रचार शिकवावा लागत नाही.

१५. 'हिट अँड रन' म्हणजे ठोकून पळून जाणं. मग वाहन सापडलं तर ते 'हिट अँड रन' राहतं का?

प्रश्न बिनचूक आहे. बोलण्यात आणि बातमीत राहतं: चालक थांबला नाही, पळाला, एवढं पुरतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ मध्ये व्याख्या वेगळी आहे. प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटली नाही, त्याचा अपघात तो 'हिट अँड रन'. तिथे पळण्यापेक्षा पत्ता न लागणं महत्त्वाचं. अशा अपघातात मृत्यू झाला तर वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई मिळते. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. वाहन सापडलं तर या योजनेचा रस्ता बंद होतो आणि त्या वाहनाच्या विम्याकडे दावा करावा लागतो. कागदपत्रांचं भाषांतर करताना 'ठोकून पळ काढणे' असं न लिहिता कायद्यातल्या अर्थाला धरून लिहा.

'ऑन द रन' म्हणजे फरार. 'रनअवे' म्हणजे घरातून पळून गेलेला. ('रनवे' म्हणजे विमानाची धावपट्टी. स्पेलिंगमध्ये एका 'ए'चा फरक.) आणि लहान मुलाला 'रन अलाँग' म्हटलं तर धाव असं नाही. 'जा बाळ आता, खेळ जा' एवढंच.

१६. 'रनिंग लेट' म्हणणारा माणूस धावतोय की नाही?

धावत असेलही, वाक्य सांगत नाही. 'आय एम रनिंग लेट' म्हणजे मला उशीर होतोय. लोकलला उशीर असेल तर 'द ट्रेन इज रनिंग लेट', तीही त्या वेळी सिग्नलला उभी असू शकते.

१७. कच्छचं रण हेही 'रन'च आहे का? इंग्रजीत तसंच ऐकू येतं.

नाही. इंग्रजीत तो शब्द आर, ए आणि दोन एन असा लिहितात, आणि मूळ आपल्याकडचंच आहे. संस्कृतात 'इरिण' म्हणजे खारी, नापीक जमीन. त्यावरून ते रण आलं. 'रणांगणा'तलं रण संस्कृतातच असलं तरी तो शब्द वेगळा, त्याचा या खाऱ्या जमिनीशी संबंध नाही.